हात लावून पाहण्याची रीत

दौंडहून नगरच्या दिशेने निघाले आणि भीमेचे पात्र ओलांडले की थोड्याच वेळात काष्टी लागते. श्रीगोंदे तालुक्यातील हे गाव १८७८ साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेले आहे. अहमदनगर जिल्ह्याबाहेर (२०२४ पासून अहिल्यानगर) त्याची ओळख मात्र रेल्वे स्थानकामुळे झालेली नाही. ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे झाली आहे. विज्ञान-संग्रहालयांवरील लेखाचा आरंभ बैलबाजारापासून व्हावा, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. तरीही या लेखापुरता विचार तेथूनच करावा, असे मला वाटते. जेथे वस्तू हाताळून पाहायची असते, चालवून पाहायची असते, शंका घ्यायची असते आणि चारचौघांत वाद घालायचा असतो, अशी सार्वजनिक जागा महाराष्ट्राच्या खेड्यात शोधू गेल्यास आठवडी बाजाराशिवाय दुसरी पटकन आठवत नाही.

बैल विकत घेणारा शेतकरी त्याचा रंग पाहून थांबत नाही. तो जनावराचा ओठ बाजूला सारून खालचा जबडा पाहतो. गाईबैलांच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तेथे कठीण हिरडी असते. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात जोडीजोडीने येतात. साधारणपणे दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पहिली जोडी येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत चारही जोड्या पुऱ्या होतात. यावरून आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला अशी जनावराच्या वयाची मोजपट्टी तयार झाली. दातांनंतर खूर, वशिंड, खांदा आणि चाल यांची पाहणी होते. बापाबरोबर बाजारात आलेला आठ-दहा वर्षांचा मुलगा हे सारे पाहतो. संधी मिळाली की स्वतः बैलाच्या तोंडाला हात घालतो आणि चुकला की चार माणसांसमोर दुरुस्तही केला जातो. शरीररचनाशास्त्राचा हा धडा त्याला कोणत्याही इयत्तेत याहून नीट मिळत नाही.

मात्र या शिक्षणाचे गोडवे गाताना त्याच्या दोन मर्यादा विसरता येत नाहीत. पहिली अशी की, बाजारातील ज्ञान व्यवहारासाठी असते आणि म्हणून ते झाकून ठेवले जाते. दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, ते शेजाऱ्याला कळू नये म्हणूनच. जनावराची खोड ओळखता येणे हे कौशल्य, तर ती लपवता येणे हेही कौशल्यच. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. बैलाच्या तोंडाला हात घालणारा तो मुलगा असतो; मुलगी नसते. बाजारहाटाला आलेल्या स्त्रिया भाजीपाला, भांडी आणि कापडाच्या बाजूला दिसतात. जनावरांच्या दावणीपाशी कुटुंबाचा एक भागच पोहोचतो. हात लावण्याची परवानगी कोणाला आहे, हा प्रश्न म्हणून बाजारातच उभा राहतो. हात लावता येणाऱ्या विज्ञान-संग्रहालयांचा सारा इतिहासही माझ्या मते याच प्रश्नाभोवती फिरतो.

आपल्याकडे संग्रहालय ही संस्था आली ती काचेसह आली. मुंबईत भायखळ्याला १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम लोकांसाठी उघडले. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. कोकणातून आणि देशावरून मुंबईस आलेली कुटुंबे राणीच्या बागेतील प्राणी पाहून झाले की शेजारच्या या वास्तूत डोकावत. पुढे या संग्रहालयात निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या लहान प्रतिकृती मांडल्या गेल्या. या मांडणीतील विसंगती आज ध्यानात येते. ज्यांच्या हातांनी शेती, विणकाम आणि कुंभारकाम चालत होते तीच माणसे मातीची होऊन काचेआड बसली होती आणि त्यांचेच जिवंत भाईबंद काचेच्या अलीकडे हात मागे बांधून उभे होते. कामाचे चित्र पाहायला मिळे. कामाला हात लावता येत नसे. पुण्यात १८९० साली लॉर्ड रे यांच्या नावाने औद्योगिक संग्रहालय निघाले, त्याचा हेतू उद्योगांना उत्तेजन देण्याचा होता. परंतु पाहणाऱ्याने दुरूनच पाहावे, हा संकेत तेथेही होता.

'हात लावू नये' ही पाटी आपल्या समाजाला नवीन नव्हती. संग्रहालयाने ती भिंतीवर लिहिली एवढेच. गावगाड्यात ती न लिहिताच सर्वांना वाचता येत होती. विहिरीवरच्या मोटेचे उदाहरण घ्यावे. मोटेच्या एका खेपेत यंत्रशास्त्राची किती तत्त्वे एकत्र येतात! बैल धावेवरून उताराकडे चालतात, त्यामुळे त्यांचे वजनही ओढीला साहाय्य करते. जाड नाडा चाकावरून फिरतो आणि ओढीची दिशा बदलतो. बारीक सोल मोटेची सोंड योग्य क्षणापर्यंत वर धरून ठेवते आणि थारोळ्याशी आल्यावर पाणी आपोआप ओतले जाते. या यंत्राचे कातडे कमावणारे आणि शिवणारे हात ढोर-चांभारांचे होते, नाडा वळणारे हात मांगांचे होते. ज्यांच्या हातांवाचून पाणी वर आलेच नसते, त्यांना त्याच विहिरीच्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्यांची तपशीलवार व्यवस्था वर्णिलेली आहे, आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायले ते याच अलिखित पाटीविरुद्ध. म्हणजे आपल्याकडे हाताला कौशल्य होते त्याला पोथी मिळाली नाही, आणि ज्याला पोथी मिळाली त्याच्या हाताला काम लागले नाही. विज्ञानाला या दोहोंची एकाच वेळी गरज असते.

ही फाळणी जोतीराव फुल्यांनी फार लवकर ओळखली होती. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो, अशी तक्रार केली. खेड्यातील प्राथमिक शाळांत लेखन, वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, असे त्यांनी सुचवले. पुण्याच्या त्या रे औद्योगिक संग्रहालयाला पुढे महात्मा फुल्यांचेच नाव मिळाले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

युरोपातही काचेची कपाटे होतीच. तेथे पाटी उतरवण्याचा आरंभ बर्लिनमधील 'उरानिया' या संस्थेने १८८८ साली केला. तिच्या एका दालनात प्रेक्षकाने स्वतः कळ दाबून प्रयोग चालू करावा अशी योजना होती. पुढचे मोठे पाऊल म्युनिचमध्ये पडले. ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्याच्या पुढाकाराने १९०३ साली 'डॉइचेस म्युझियम' स्थापन झाले आणि १९२५ साली इझार नदीतील बेटावरच्या त्याच्या इमारतीचे दरवाजे उघडले. दांडा फिरवावा, कळ दाबावी, यंत्राचा छेद घेऊन आतले भाग पाहावेत, अशी तेथील मांडणी होती. मिलर यांच्या कामातील एक गोष्ट मला यंत्रांपेक्षाही मोलाची वाटते. दूरच्या गावांतील विद्यार्थ्यांना आणि कामगारांना म्युनिचला येता यावे म्हणून त्या संग्रहालयाने प्रवासखर्चाच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या होत्या. दरवाजा उघडा असणे आणि दरवाज्यापर्यंत पोहोचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या अभियंत्याला कळले होते. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९३१ साली मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले, तर पॅरिसमध्ये १९३७ साली जाँ पेरँ यांच्या प्रेरणेने 'पाले द ला देकुव्हेर्त' सुरू झाले.

या परंपरेला आजचे रूप ज्याने दिले तो माणूस काही वर्षे गुरे पाळत होता. फ्रँक ओपेनहायमर हे अणुबाँबच्या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वीच्या साम्यवादी पक्षाच्या सदस्यत्वावरून १९४९ साली त्यांची विद्यापीठातील नोकरी गेली, आणि नंतरची सुमारे दहा वर्षे त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगराळ भागात गुरांच्या कुरणावर काढली. १९५७ साली तेथल्याच लहान गावातील शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. प्रयोगशाळेला साधने नव्हती, तेव्हा ते मुलांना गावाच्या उकिरड्यावर नेत आणि मोडक्या यंत्रांचे भाग उचलून त्यांतून उष्णता, यंत्रशक्ती आणि वीज शिकवत. पुढे विद्यापीठात परतल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी प्रयोगांचे 'ग्रंथालय' उभे केले. पुस्तकांच्या कपाटाप्रमाणे प्रयोग मांडून ठेवलेले, ज्याने त्याने आपल्या सवडीने करून पाहावेत असे. १९६५ साली त्यांनी युरोपातील संग्रहालये पाहिली, आणि १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्स्प्लोरेटोरियम' उघडले.

एक्स्प्लोरेटोरियमची दोन वैशिष्ट्ये आपल्या विषयाला लागू आहेत. एक म्हणजे तेथील कार्यशाळा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवली गेली. प्रयोगाची मांडणी मोडते, दुरुस्त होते, पुन्हा मोडते, हे लोकांना दिसू दिले. दुसरे म्हणजे समजावून सांगण्यासाठी प्राध्यापक न नेमता शाळकरी वयाची मुलेमुली नेमली आणि त्यांना मोबदला दिला. ज्याला स्वतःला कालच समजले तो आज दुसऱ्याला चांगले समजावू शकतो, यावर ओपेनहायमर यांचा भरवसा होता. गुरांच्या कुरणावरून आणि उकिरड्यावरून आलेली ही दृष्टी आहे. काष्टीच्या बाजारात बसणाऱ्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

भारतात या विचाराचा प्रवास कोलकात्याहून सुरू झाला. तेथे १९५९ साली बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय उघडले. १९६५ साली याच संस्थेने फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. प्रयोग गाडीत भरून खेड्यांतील शाळांपर्यंत न्यायचे, ही त्यामागील कल्पना. डॉ. सरोज घोष यांचे नाव या सर्व चळवळीशी जोडलेले आहे. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्वतंत्रपणे स्थापन झाली आणि देशभर विज्ञानकेंद्रे उभी राहू लागली. नागपूरचे रामन विज्ञानकेंद्र १९९२ सालचे.

मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञानकेंद्राची उभारणी टप्प्याटप्प्याने झाली. १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरील दालन उघडले. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. त्या वर्षी मोकळ्या जागेत मुलांसाठी विज्ञान-उद्यान तयार झाले. अच्युत कानविंदे यांनी रचलेल्या मुख्य इमारतीचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. ओपेनहायमर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निवर्तले होते.

विज्ञान-उद्यान ही कल्पना आपल्या हवेला मानवणारी होती. झाडांखाली, उघड्यावर, पाळणे आणि झोपाळे यांच्या शेजारीच कप्प्या, लोलक आणि ध्वनीच्या नळ्या मांडलेल्या. शाळेची सहल आली तर रांगा लागतात, शिक्षकांचा आवाज चढतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येते. कुटुंब आले की चित्र पालटते. मुलगा किंवा मुलगी ओढाताण सुरू करते, पाटी वाचण्याचे काम आईकडे येते, वडील प्रथम अंतर राखून उभे राहतात. मग कप्पीच्या खुर्चीत मुलाला स्वतःला वर ओढता येत नाही असे दिसले की वडिलांना राहवत नाही. आजोबांनी तरुणपणी मोट हाकलेली असली तर दोर कोठे धरावा हे तेच सांगतात; चाके जितकी जास्त तितका दोर लांब ओढावा लागतो आणि जोर कमी लागतो, हे त्यांच्या खांद्यांना ठाऊक असते. नातवंडाला पुस्तकातला नियम ठाऊक असतो. त्या खुर्चीपाशी दोघांची गाठ पडते. एरवी आजोबांचे ज्ञान घरात कालबाह्य ठरलेले असते. तेथे ते काही मिनिटे उपयोगी पडते. कुटुंबाने एकत्र करण्याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. लग्न, जत्रा, देवदर्शन, वारी या प्रत्येकीत कोणी काय करायचे ते आधीच ठरलेले असते. विज्ञान-उद्यानात मात्र लहान मूल वडीलधाऱ्याला चुकीचे ठरवू शकते आणि त्यात कोणाचा अवमान झाला असे वाटत नाही, कारण निवाडा वस्तूने दिलेला असतो.

पुण्यात या कामाला वेगळे वळण मिळाले. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत डॉ. जयंत नारळीकर यांच्या प्रोत्साहनाने मुलांसाठीचे उपक्रम चालतच होते. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून 'पुलस्त्य' ही वास्तू उभी राहिली आणि २००४ साली तेथे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' सुरू झाली. पुलस्त्य हे सप्तर्षींतील एका ताऱ्याचे नाव. त्यात दडलेला 'पुल' मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. अरविंद गुप्ता २००३ ते २०१४ या काळात येथे होते. मूळचे अभियंता असलेले गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीस होते. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७८ साली त्यांनी रजा घेऊन काम केले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून रचनांचा एक खेळच तयार केला. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहावा, तो आकार सोडत नाही. पत्र्याच्या शेडखालची लोखंडी कैची त्रिकोणांची का असते, याचे उत्तर या दोन रुपयांच्या वस्तूंत आहे. अशा वस्तू कोणत्याही आठवडी बाजारात मिळतात. काष्टीच्या शनिवारी सायकलच्या सुट्या भागांपाशी उभे राहिल्यास मुक्तांगणातील अर्धी सामग्री तेथेच दिसेल.

तरीही काष्टीचे कुटुंब पुण्याच्या किंवा वरळीच्या विज्ञानकेंद्रात सहजपणे जात नाही, आणि त्याचे कारण कुतूहलाचा अभाव हे नाही. ऊस, कांदा, दूध यांच्यावर चालणाऱ्या घराला सबंध दिवसाची सुट्टी नसते. गाई दोन्ही वेळा पिळाव्याच लागतात, मग रविवार असो वा दिवाळी. शेतमजुराच्या घरात प्रवासाचे भाडे आणि बुडालेली मजुरी अशी दुहेरी रक्कम मोजावी लागते. शाळेची सहल जाते तेव्हा पैसे भरू शकणारी मुले जातात, आणि घरचा निर्णय एकाच मुलापुरता असेल तर मुलगी मागे राहण्याचा संभव अधिक. तिकीट स्वस्त ठेवून हा प्रश्न सुटत नाही. म्युनिचच्या संग्रहालयाने प्रवासखर्च देऊ केला होता तो याचसाठी, आणि कोलकात्याने गाडी खेड्याकडे वळवली तीही याचसाठी.

आपल्या परिसरात या प्रश्नाला दिलेली दोन उत्तरे उल्लेखनीय आहेत. पहिले पाबळचे. शिरूर तालुक्यातील या अवर्षणप्रवण गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून पीएच.डी. मिळवून खासगी उद्योगातील संशोधनात वरिष्ठ पदावर पोहोचलेला हा माणूस शाळेतून गळालेल्या मुलांना जोडारीकाम, शेती, वीज आणि बांधकाम यांतून विज्ञान शिकवू लागला. प्रदर्शनासाठी काही मांडण्याऐवजी गावाला लागणाऱ्या वस्तूच मुलांनी बनवाव्यात, हे त्यांचे सूत्र. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेरची पहिली 'फॅब लॅब' पाबळला निघाली. कलबाग २००३ साली वारले. आश्रम चालू राहिला.

दुसरे उत्तर जुन्नर तालुक्यातील खोडदचे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. आसपासच्या गावांशी तिचे नाते प्रथम गरजेचे होते, कारण आकाशातील क्षीण रेडिओ लहरी ऐकायच्या तर भोवतालचा विद्युत गोंगाट कमी असावा लागतो. पुढे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे भरणारे विज्ञान प्रदर्शन पंचक्रोशीच्या जत्रेसारखे झाले. शाळाशाळांतील मुलेमुली आपण बनवलेली उपकरणे मांडतात, आणि त्यांच्याभोवती आईबाप, आज्या, शेजारी गर्दी करतात. येथे एक्स्प्लोरेटोरियमप्रमाणेच समजावणारे मूल गावातलेच असते, परंतु ऐकणारेही त्याच्याच घरचे असतात. विज्ञान-उद्यानात समोरासमोर ठेवलेल्या दोन खोलगट तबकड्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. एकीपाशी कुजबुजले की दूरच्या दुसरीपाशी कान लावणाऱ्याला शब्द ऐकू येतात, कारण पहिली तबकडी आवाजाला सरळ वाटेने धाडते आणि दुसरी तो एका बिंदूवर गोळा करते. खोडदची अँटेना ही आकाराने फार मोठी अशी तीच तबकडी आहे. पलीकडे कुजबुजणारे कोणी लाखो, कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असते, इतकाच फरक.

खोडदच्याच परिसरातील कुकडीचे पाणी येडगावच्या धरणातून कालव्याने निघते आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत असे करीत करमाळ्यापर्यंत जाते. श्रीगोंदे तालुक्यातल्या शेतकऱ्याला आवर्तन केव्हा सुटणार, शेवटापर्यंत पाणी पोहोचणार की नाही, या प्रश्नांचा पुरेपूर अनुभव आहे. वरच्या टोकाला पाणी मुबलक असणे आणि टेलला ते पोहोचणे यांत किती अंतर असते, हे त्याला शिकवावे लागत नाही. विज्ञानकेंद्रांचा आपला इतिहास वाचताना मला वारंवार हा कालवा आठवतो. मुंबई-पुण्याच्या मुखाशी जे आहे ते चांगलेच आहे. चाऱ्या मात्र अजून पुऱ्या खोदलेल्या नाहीत.

म्हणून काष्टीत मोठी इमारत उभारावी, असे माझे म्हणणे नाही. इमारती उभ्या राहतात, उद्घाटने होतात आणि पहिल्या वर्षी मोडलेला दांडा दहा वर्षे तसाच राहतो. ओपेनहायमर यांनी कार्यशाळा सर्वांसमोर ठेवली त्यामागचा धडा हाच की, ज्या वस्तूंना हात लावायचा त्या मोडणारच, आणि दुरुस्त करणारा माणूस जवळ नसेल तर असे संग्रहालय पुन्हा काचेच्या कपाटासारखे होते. काष्टीसारख्या गावात दुरुस्ती करणारी माणसे पुष्कळ आहेत. मोटार बांधणारा, ट्रॅक्टर उघडणारा, वेल्डिंगवाला, सायकलवाला. गर्दीही दर शनिवारी आपोआप जमते. दावणीच्या एका कडेला ताडपत्रीखाली चार बाके मांडली, त्यावर बैलाचा जबडा, कप्प्यांची जोडणी, काड्यांचे त्रिकोण आणि एक साधे भिंग ठेवले, आणि समजावून सांगायला गावातल्याच नववी-दहावीच्या मुली उभ्या केल्या, तर म्युनिच ते मुक्तांगण या प्रवासातील जे सार आहे ते तेथे येईल.

मुलीच का, असे कोणी विचारील. दात मोजण्याची विद्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या आहे, परंतु ती झाकलेल्या रुमालाखाली आणि एकाच बाजूच्या हातांत राहिली. ते दात तसे का येतात, वरच्या जबड्यात का नसतात, रवंथ करणाऱ्या जनावराला त्याचा उपयोग काय, हे प्रश्न बाजार विचारत नाही, कारण त्यांना भाव नाही. हे प्रश्न उघड्यावर, मोठ्याने आणि सर्वांनी विचारायचे, एवढेच विज्ञान-संग्रहालय बाजारात नव्याने आणते. ते विचारणारा आवाज आजवर दावणीपाशी न पोहोचलेला असेल, तर रुमाल खरोखर बाजूला झाला असे म्हणता येईल. बैल विकायला आलेला एखादा म्हातारा प्रथम हसेल. मग पोरीने जबड्यावरची तिसरी जोडी बरोबर दाखवली की बहुधा तो आपल्याच बैलाचा ओठ वर करून तिला म्हणेल, 'हे बघ, याची चौथी आता फुटतीय. लाव हात.'